हिशेब छापा: लॅटर-डे सेंट्स चर्चच्या प्रथम अध्यक्षमंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष डॅलिन ओक्स आणि प्रथम अध्यक्षमंडळ,
चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा.

स.न.वि.वि.

मी आपल्या चर्चची सभासद नाही आणि होण्याचा विचारही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज व्हायला नको. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आधी पुण्याला आणि तिथून युटातल्या लीहाय गावी आलेली मी एक बाई आहे. इथे आमच्या दोन्ही बाजूंना आपले सभासद राहतात. आपल्या चर्चच्या प्रौढशिक्षणाच्या उपक्रमांचा फायदा माझ्या घराने घेतला आहे, ओळखीच्या इतर मराठी कुटुंबांनीही घेतला आहे. त्याच वेळी, ज्या दानावर हे सगळे उभे आहे त्या दानाचा जमाखर्च आपण दान देणाऱ्यांनाही दाखवत नाही, ही गोष्ट मला सलते. कृतज्ञता आणि तक्रार दोन्ही एकाच पत्रात लिहिण्याची वेळ त्यामुळे आली.

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने आपल्याकडे पाठवली आहे. मराठीत ते उघडे करण्याचे कारण असे की, युटा, ॲरिझोना, टेक्सस या भागांत नव्याने आलेल्या आमच्या मुली-सुना "चर्चच्या क्लासला जाऊ का?" असे विचारतात, आणि त्यांना "बिनधास्त जा, फुकट आहे" किंवा "अजिबात जाऊ नकोस, बाटवतील" यांपैकी एक उत्तर मिळते. मला ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. मराठी वाचक आपल्याला मॉर्मन या नावाने ओळखतात. २०१८ पासून ते नाव आपल्याला नको आहे, म्हणून इथून पुढे वापरत नाही.

आधी जे चांगले आहे ते. माझ्या सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी वाचता येत होते, पण फोनवर बोलायची धास्ती होती. आमच्या रस्त्यावरच्या प्रार्थनागृहात संध्याकाळी इंग्लिशकनेक्टचा मोफत वर्ग चालतो, तिथे त्या शेजारणीबरोबर जाऊ लागल्या. शिकवायला विशीतली दोन मिशनरी मुले. त्यांतला एक मुलगा औषधाच्या दुकानातला माणूस व्हायचा आणि मुद्दाम पाठ फिरवून बसायचा, म्हणजे त्याच्या ओठांकडे बघून अर्थ लावायची सोय राहू नये. आणि सासूबाईंनी त्याला नाव, जन्मतारीख, रक्तदाबाच्या गोळीचे नाव आणि "पुन्हा भरून हवी" एवढे सांगायचे. वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी छोटी प्रार्थना होई. एकदा एक पत्रक हातात दिले गेले, ते सासूबाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि विषय तिथेच संपला. कोणी घरी आले नाही, कोणी पुन्हा विचारले नाही. सत्तरीला टेकलेल्या परक्या बाईला इतक्या चिकाटीने शिकवणारी विशीतली मुले मी इतरत्र फार पाहिलेली नाहीत, आणि ही मुले मिशनचा खर्च बहुतांशी स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खिशातून करतात, हे कळल्यावर आदर आणखी वाढला.

दुसरी गोष्ट पाथवे या ऑनलाइन शिक्षणक्रमाची. २००९ साली आपल्या चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या (बीवाययू) आयडाहो शाखेने मेसा, नॅम्पा आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणी प्रयोग म्हणून जे सुरू केले, त्याची २०१७ मध्ये बीवाययू-पाथवे वर्ल्डवाइड ही स्वतंत्र संस्था झाली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, संसारात आणि नोकरीत अडकलेल्या, कॉलेजची भीती बसलेल्या माणसासाठी ही रचना केली आहे, आणि ती विचारपूर्वक केली आहे, असे मी बी.एड. झालेली बाई म्हणून सांगू शकते. सुरुवातीला गणित, लेखन आणि अभ्यासाच्या सवयी. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचे आणि विद्यार्थ्यांनीच आळीपाळीने चर्चा चालवायची. मग नोकरीला उपयोगी पडेल असे प्रमाणपत्र, आणि त्यावर पदवी. प्रमाणपत्र आधी आणि पदवी नंतर हा क्रम फार शहाणपणाचा आहे, कारण मधेच गळलेला माणूसही रिकाम्या हाताने जात नाही. फी देशादेशांप्रमाणे कमी-जास्त ठेवलेली आहे, आणि आज १८० हून अधिक देशांतले सत्तर हजारांवर विद्यार्थी यात शिकतात, भारतातलेही आहेत. इथल्या आमच्या काही मैत्रिणी एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या, व्हिसावर आहेत. त्यांना नोकरी करायची परवानगी नाही, शिकायची मात्र आहे, आणि अमेरिकी कॉलेजची फी एका पगारात झेपत नाही. त्यांच्यापुढे हा एक खरा पर्याय आहे.

डेझरेट इंडस्ट्रीजचेही नाव घेतले पाहिजे. १९३८ पासून चालत आलेली ही जुन्या वस्तूंची दुकाने आम्हा नव्याने घर मांडणाऱ्यांना माहीत असतातच (माझा पहिला कुकर आणि सगळी पुस्तकांची कपाटे तिथलीच). पण काउंटरवर उभा असलेला माणूस बहुधा शिकाऊ असतो, नुकताच निर्वासित म्हणून आलेला किंवा बरीच वर्षे काम नसलेला, आणि दुकान त्याला कामाची सवय, इंग्रजी आणि पुढच्या नोकरीचा दाखला मिळवून देण्यासाठी चालवले जाते, हे मला कितीतरी उशिरा समजले.

या सगळ्याच्या मुळाशी आपल्या लोकांचे दान आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दशांश म्हणून, शिवाय महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्या पैशांची उपवास-देणगी, शिवाय वर आणखी काही. आमच्याकडे वारीला अन्नदान करणारी, गणपतीची वर्गणी देणारी माणसे भरपूर आहेत, पण पगाराचा दहावा हिस्सा दर महिन्याला, वर्षानुवर्षे, न चुकता देणारी माणसे मी इथेच पाहिली. शेजारचे कुटुंब पाच मुलांचे आहे. त्यांची गाडी जुनी आहे, मुलांचे कपडे एकाचे दुसऱ्याला होतात आणि दशांश चुकत नाही. वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप विनावेतन काम करतो. म्हणून या पत्रात मी दानाच्या बाजूने बोलते आहे, विरोधात नाही, हे लक्षात घ्यावे.

आता माझी तक्रार.

दान देताना भरायच्या चिठ्ठीचा नमुना मी शेजारणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिला. वर रकाने असतात: दशांश, उपवास-देणगी, मिशनरी कार्य, मानवतावादी मदत. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की सांगितलेल्या कारणासाठी रक्कम वापरण्याचा वाजवी प्रयत्न केला जाईल, परंतु दिलेली प्रत्येक देणगी चर्चच्या मालकीची होते आणि तिचा विनियोग चर्च सर्वस्वी आपल्या मर्जीने करील. म्हणजे दात्याने रकाना निवडायचा आणि त्या निवडीचे बंधन चर्चवर नाही. बरे, मर्जीने खर्च करा, पण केलेला खर्च तरी सांगा. तर तेही नाही. तपशीलवार खर्चाचा अहवाल आपण १९५९ नंतर देणे बंद केले. त्यानंतर दर एप्रिलच्या परिषदेत आपल्याच लेखापरीक्षण विभागाचे काही ओळींचे निवेदन येते, ज्यात सर्व व्यवहार चर्चच्या धोरणांनुसार झाले असे म्हटलेले असते आणि एकही आकडा नसतो. ज्या धोरणानुसार खर्च झाला ते धोरणही आपले, तपासणारेही आपले.

हे केवळ कागदाच्या शिस्तीपुरते राहिले असते तर परक्या बाईने तोंड घालण्याचे कारण नव्हते. पण १९९७ साली स्थापन झालेल्या एन्साइन पीक ॲडव्हायझर्स या आपल्या गुंतवणूक संस्थेत सुमारे १०,००० कोटी डॉलर साठले आहेत, हे २०१९ च्या डिसेंबरात तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीमुळे जगाला कळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने एन्साइन पीकला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलरचा दंड केला. कारण असे की, समभागांची मालकी दिसू नये म्हणून तेरा नामधारी कंपन्या उभ्या केल्या होत्या आणि कायद्याने भरायचे विवरण त्यांच्या नावांनी भरले जात होते. २०१८ पर्यंत या समभागांचा साठा जवळपास ३,२०० कोटी डॉलरवर गेला होता, आणि तो एवढा मोठा आहे हे उघड झाल्यास परिणाम बरे होणार नाहीत अशी चर्चला चिंता होती, असे त्या आदेशातच लिहिले आहे. त्यावर आपण झालेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त केला आणि आता हा विषय आम्ही संपलेला समजतो, असे जाहीर केले.

दंडाची रक्कम साठ्यापुढे किती नगण्य आहे यावर मी वेळ घालवणार नाही. मला अधिक बोचले ते २०२० साली एन्साइन पीकचे तेव्हाचे प्रमुख रॉजर क्लार्क वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना जे म्हणाले ते. आशय असा की दशांश ही चर्चच्या गरजेपेक्षा देणाऱ्याच्या निष्ठेची बाब आहे, आणि साठ्याचा आकार पाहून आपण देण्याची गरज नाही असे लोकांना वाटावे, हे चर्चला नको होते. मी हे पुन्हा पुन्हा वाचले. आमच्या गावच्या मंडळाने शिल्लक दडवली आणि सभासदाने विचारल्यावर "तुझी वर्गणी आटेल म्हणून सांगितले नाही" असे उत्तर दिले, तर पुढच्या बैठकीत काय होईल हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. देणाऱ्याच्या निर्णयावर जिचा परिणाम होईल अशी माहिती देणाऱ्यापासूनच लपवणे, याला श्रद्धेची कसोटी म्हणता येणार नाही.

न्यायालयाने आपल्या बाजूने कौल दिला आहे, याची मला कल्पना आहे. माजी सभासद जेम्स हंट्समन यांनी आपला दशांश परत मागण्यासाठी केलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने फेटाळला. सॉल्ट लेकमधल्या सिटी क्रीक मॉलसाठी दशांश वापरणार नाही, राखीव निधीच्या उत्पन्नातून पैसे देऊ, असे चर्चने म्हटले होते आणि त्यात फसवणूक नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ठीक आहे. अध्यक्ष ओक्स, आपण स्वतः युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होतात. कायद्याने दोषी नसणे आणि विश्वस्ताने आपण होऊन हिशेब मांडणे यांतले अंतर मी आपल्याला सांगावे असे नाही.

शिक्षणाचा संबंध इथे येतो. एप्रिल २०१८ मध्ये नैरोबी इथे बोलताना आपले पूर्वाध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितले की गरिबी पिढ्यानपिढ्या चालत राहते, आणि लोक दशांश देऊ लागेपर्यंत चालत राहते. त्याच दौऱ्यात ते पुढे बंगळुरूला आले. तिथल्या आपल्या चर्चच्या मंदिराची घोषणा काही दिवस आधीच झाली होती. मंदिरात प्रवेशाची परवानगी पूर्ण दशांश देणाऱ्यालाच मिळते. म्हणजे केनियातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या तरुणाने चर्चच्या निधीतून कर्ज काढून तंत्रशिक्षण घ्यायचे, पहिली नोकरी लागल्यावर ते कर्ज फेडायचे, आईवडिलांना पैसे पाठवायचे, आणि या सगळ्याच्या आधी, हातात पडलेल्या पगाराचा दहावा हिस्सा अशा संस्थेला द्यायचा जिच्या तेव्हाच्या गुंतवणूक प्रमुखाच्या म्हणण्यानुसार हे देणे तिच्या गरजेपेक्षा देणाऱ्याच्या निष्ठेची बाब आहे. इथल्या वर्गात भेटलेल्या व्हेनेझुएलाच्या एका बाईला मी हे जरा अडखळतच विचारले. ती दोन घरी साफसफाई करते, रात्री पाथवेचा अभ्यास करते आणि दशांश देते. ती म्हणाली, देते म्हणूनच घर चालते. देणे थांबवले तर आपण कोण आहोत हेच कळेनासे होईल. तिच्या या उत्तरापुढे मला काही बोलता आले नाही, आणि तिचा निर्णय बदलावा असेही मी म्हणत नाही. पण तिच्या या सच्चेपणाने आपली जबाबदारी कमी होते की वाढते, एवढे आपण सांगावे.

शिक्षणावरचा पैसा कुठे जास्त जातो, हाही प्रश्न आहे. जिथे कायदा आपल्याला आकडे जाहीर करायला भाग पाडतो अशा मोजक्या देशांत कॅनडा येतो. तिथल्या आकड्यांवरून सीबीसीने २०२२ मध्ये दाखवून दिले की पंधरा वर्षांत कॅनडातून सुमारे १०० कोटी कॅनेडियन डॉलर अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शाखांकडे गेले. बेकायदा काहीच नाही. हे विद्यापीठ कॅनडाच्या मान्य यादीत आहे. परंतु प्रोव्हो इथल्या त्या विद्यापीठात सभासदांना बिगरसभासदांच्या निम्मी फी पडते, ती दशांशाच्या पाठबळामुळे, आणि तिथे प्रवेश मिळवणारी मुले बहुतेक चांगल्या शाळांतून आलेली असतात. जगभरच्या सभासदांच्या दशांशातला किती वाटा प्रोव्होच्या आवारात खर्च होतो आणि किती वाटा रात्री मोबाईलवर गणित सोडवणाऱ्या त्या बाईपर्यंत पोहोचतो? मी या दोन आकड्यांचा शोध घेतला, आपल्या संकेतस्थळावर ते मिळण्याची सोय नाही. अध्यक्ष ओक्स स्वतः १९७१ ते १९८० या काळात त्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि हेन्री आयरिंग यांनी चर्चच्या शिक्षण आयुक्तपदी काम केले आहे. हे आकडे आपल्या मंडळाला तोंडपाठ असावेत.

एक युक्तिवाद मला वारंवार ऐकवला जातो: उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे शास्त्रवचन आहे. वचन फार सुंदर आहे. पण आपण दरवर्षी गरजूंसाठी केलेल्या खर्चाचा अहवाल प्रसिद्ध करता. २०२४ साठी तो आकडा १४५ कोटी डॉलरचा होता, आणि त्यासोबत सभासदांचे सेवेचे तासही मोजलेले असतात. दिलेले छापायला हरकत नाही आणि मिळालेले छापायला मात्र शास्त्र आडवे येते, असे कसे चालेल? शिवाय १४५ कोटी मोठे की लहान, हे एकूण जमा आणि शिल्लक समोर असल्याशिवाय कोणी कसे ठरवावे?

आम्हा मराठी लोकांना या विषयात थोडा जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले ते अमेरिकेतल्या पैशांवर. १८८७ मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दात्यांनी दहा वर्षे ठरावीक रक्कम देण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत सदन उघडले. पुढे ते पुण्याला गेले. अट अशी की धर्मशिक्षणाची सक्ती नसावी. १८९३ मध्ये वाद पेटला: मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती करण्याचा डाव आहे. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, केसरीने झोडपले. "चर्चच्या क्लासला जाऊ नकोस" म्हणणाऱ्या आमच्या मावश्या-काकूंच्या बोलण्यात आजही १८९३ चा तो सूर ऐकू येतो.

त्या वादात कोणाचे किती चुकले हे इथे ठरवायचे कारण नाही. मला त्यातली दुसरी बाजू दाखवायची आहे. बोस्टनची ती असोसिएशन वार्षिक सभा घेत असे आणि तिचे अहवाल छापत असे. आगबोटीच्या काळात, समुद्रापार असलेल्या मुलींच्या शाळेसाठी देणगी देणाऱ्या अमेरिकी बाईला आपल्या पैशाचे काय झाले ते छापील कागदावर वाचायला मिळत होते. आज आपल्या वॉर्डातल्या दात्याला ते मिळत नाही. आमच्याकडे सार्वजनिक विश्वस्त संस्थेला १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. तो वेळेवर आणि खरा दिला जातोच असे सातारकर म्हणून मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मागण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क असणे ही लहान गोष्ट नव्हे.

बाटवण्याच्या आरोपाबद्दल माझे मत सांगते. पाथवेमध्ये धर्माचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे आणि आचारसंहितेवर सही करावी लागते; तीत दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. (आमची एक मैत्रीण फक्त चहापायी मागे फिरली, आणि मला तिचे म्हणणे पटते.) पण हे सगळे आपण प्रवेशाआधी स्पष्ट सांगता आणि समोरचा माणूस प्रौढ असतो, त्यामुळे याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. माझी अडचण वेगळीकडे आहे. ज्याला दुसऱ्या चार कॉलेजांत जाता येते त्याच्यासाठी ही अट म्हणजे निवड आहे. ज्याला फक्त हेच परवडते त्याच्यासाठी ती फीचाच एक भाग होते. इंग्लिशकनेक्टच्या वर्गात आपण अशी अट घालत नाही आणि त्या वर्गाचे काही बिघडलेले नाही. पाथवेच्या पहिल्या वर्षापुरता, गणित आणि लेखनापुरता, धर्माचा अभ्यासक्रम ऐच्छिक करून पाहावा. मला वाटते, बहुतेक जण तरीही तो घेतील. आणि तेव्हा त्या घेण्याला अर्थ असेल.

दाते आणि विश्वस्त यांच्यातला हा तिढा आपल्या इतिहासात नवा नाही. १८७६ पासून आपल्या रिलीफ सोसायटी या स्त्रियांच्या संघटनेतल्या बायकांनी दुष्काळाच्या भीतीने घराघरांतून गहू जमवला, त्यासाठी कोठारे बांधली, शेतात सरवा वेचला. १९१८ मध्ये युद्धासाठी तो गहू सरकारला विकला गेला, तेव्हा साठवणाऱ्या बायकांच्या अध्यक्षमंडळाला आधी विचारण्यातही आले नाही. कारण चांगले होते, पैसेही मिळाले. विचारायचे तेवढे राहिले. मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला आमच्याकडचे बचतगट आठवले, ज्यांतली कोणतीही बाई असा व्यवहार एक दिवसही खपवून घेणार नाही.

आणि त्याच इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जिच्या आधाराने मी हे पत्र लिहायचे धाडस करते आहे. १८४९ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या काळात सुरू झालेल्या स्थलांतर निधीने ब्रिटन आणि स्कॅन्डिनेव्हियातून हजारो गरीब सभासदांना कर्जाऊ पैशांवर युटात आणले. त्यांतल्या अनेकांना ते फेडता आले नाही. १८८० साली चर्चला पन्नास वर्षे झाली तेव्हा चर्चचे त्या वेळचे प्रमुख जॉन टेलर यांनी बायबलमधल्या जुबिलीचा, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी कर्जे सोडून देण्याच्या प्रथेचा, दाखला देऊन, गरिबांकडे थकलेल्या त्या कर्जापैकी निम्मे, म्हणजे सुमारे आठ लाख डॉलर, माफ केले. गरिबांकडचा थकलेला दशांशही निम्मा सोडून दिला. एक हजार गाई आणि पाच हजार मेंढ्या गरजूंना वाटल्या आणि रिलीफ सोसायटीच्या कोठारातला गहू शेतकऱ्यांना बियाण्यासाठी बिनव्याजी दिला. हे करताना कर्ज किती, थकबाकी किती, गाई किती, हे सगळे मोजून जाहीरपणे सांगितले गेले. २००१ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांनी शिक्षणाचा अक्षय निधी जाहीर केला तेव्हा याच जुन्या स्थलांतर निधीचे नाव घेतले होते, आणि पहिल्या दशकातच चाळीस हजारांहून अधिक तरुणांनी त्यातून कर्ज घेऊन शिक्षण घेतले. नाव घेतले, रचनाही घेतली. मग १८८० चा कित्ताही का गिरवू नये?

६ एप्रिल २०३० रोजी चर्चला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्याआधी आपण पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. शिक्षणावरचा जमाखर्च वेगळा काढून बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा आणि छापावा: प्रोव्हो किती, आयडाहो किती, पाथवे किती, अक्षय निधी किती, आणि त्यातला दशांशाचा वाटा किती. अक्षय निधीतून आजवर किती कर्जे दिली, किती फिटली, किती थकली आणि शिकलेल्यांपैकी किती जणांना त्या शिक्षणाची नोकरी मिळाली, हे देशवार सांगावे. थकलेली कर्जे जिथे नोकरीच नाही तिथली निघाली तर ती माफ करावीत. शिक्षणाचे कर्ज अंगावर असेपर्यंत सभासदाचा दशांश त्या कर्जात जमा धरावा आणि त्याची मंदिराची परवानगी अडू नये. एन्साइन पीकच्या एकूण साठ्याचा वार्षिक आकडा एका ओळीत तरी परिषदेच्या निवेदनात यावा. ती ओळ वाचून शेजारच्या घरातला दशांश बंद होईल असे मला वाटत नाही, आणि झालाच तर तो त्यांचा निर्णय असेल.

मुली-सुनांना मी सध्या काय सांगते तेही आपल्याला कळवून ठेवते. इंग्लिशकनेक्टला जा, मुले चांगली शिकवतात, पत्रक दिले तर घ्या किंवा नका घेऊ. पाथवेचे नियम आधी नीट वाचा आणि चहाचा विचार करून सही करा. भारतात परत जाणार असाल तर ऑनलाइन पदवी तिथे चालेल का याची चौकशी फी भरण्याआधी करा. डेझरेट इंडस्ट्रीजला जुने सामान द्या, तिथूनच घ्या. रोख देणगी द्यावीशी वाटली तर आधी चिठ्ठीवरची खालची बारीक अक्षरे वाचा. आपण हिशेब छापलात तर हे शेवटचे वाक्य मी आनंदाने गाळीन.

कळावे,

आपली शेजारीण,
लीहाय, युटा